एका सेंटचें चित्र आणि घरची चूल

तळहाताहून किंचित् मोठा असा एक जाड कागद. त्यावर एका भोजनालयाचें रंगीत चित्र आहे. शुभ्र आच्छादनें घातलेल्या मेजांच्या रांगा, लाल गाद्यांच्या खुर्च्या, प्रत्येक मेजावर फुलदाणी, आणि खिडकीबाहेर इतकें निळें आकाश कीं तसें तें कोणत्याहि शहरावर सहसा दिसत नाहीं. या सगळ्या दालनांत माणूस मात्र एकहि नाहीं. जेवणारा नाहीं, वाढणारा नाहीं, ताटांत घांसभर अन्नहि नाहीं. खालीं भोजनालयाचें नांव, गांव, आणि तेथील एखाद्या पदार्थाची दोन शब्दांत स्तुति. अमेरिकेंत १९३० पासून पुढें वीस-बावीस वर्षें अशीं चित्रकार्डें अमाप छापलीं गेलीं. आज तीं जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, गांववार लावून ठेवलेलीं असतात आणि हौशी मंडळी तासन्‌तास तीं चाळीत उभी राहतात. यांपैकीं कित्येकांच्या घरीं दुसराहि एक संग्रह असतो. तो आईच्या किंवा आजीच्या हातच्या पाककृतींच्या टिपणांचा. कडेला लोण्याचे डाग पडलेला, शाई फांकलेला. कार्डांत खोली उरली, टिपणांत चव उरली. या दोहोंमधून निसटलें तें काय, हें पाहूं गेल्यास कांहीं गमतीच्या गोष्टी हातीं लागतात आणि एकदोन मनाला टोंचणाऱ्याहि.

प्रथम त्या कागदाची हकीकत. उघड्या पत्राची कल्पना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्यानें १ ऑक्टोबर १८६९ रोजीं प्रथम अमलांत आणली. अमेरिकेच्या सरकारनें आपलें कार्ड १८७३ मध्यें काढलें, आणि १८९८ च्या कायद्यानें खाजगी छापखान्यांच्या कार्डांनाहि एका सेंटचा दर मिळाला. तरी एक अडचण राहिलीच. कार्डाची पाठ केवळ पत्त्यासाठीं राखलेली असे. कुशल कळवावयाचें तर तें चित्राच्या कडेला, मिळेल त्या जागेंत कोंबावें लागे. मार्च १९०७ मध्यें पाठीचे दोन भाग करण्यास परवानगी मिळाली, आणि तेव्हांपासून चित्राला सारी पुढली बाजू मोकळी झाली. मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां १९५१ अखेरपर्यंत टपालाचा दर एक सेंटच होता. इतक्या स्वस्त जाहिरातीचा मोह कोणत्या भोजनालयवाल्यास होणार नाहीं? त्यानें कार्डें छापून घ्यावीं, मेजावर फुकट ठेवावीं. गिऱ्हाइकानें जेवण येईपर्यंत दोन ओळी खरडाव्या. कांहीं ठिकाणीं तर तिकीटहि मालकच लावून देत असे. पाठीवरच्या त्या दोन ओळींत अन्नाचा उल्लेख असेलच असें नाहीं. हवा कशी आहे, प्रकृति कशी आहे, घरीं केव्हां पोंचूं, हाच मजकूर फार.

या धंद्यांत शिकागोच्या कर्ट टाइक यांचें नांव सर्वांच्या पुढें आहे. हा गृहस्थ १८९५ मध्यें जर्मनींतून अमेरिकेंत आला आणि १८९८ मध्यें त्यानें आपला छापखाना घातला. १९३० नंतर त्याच्या कारखान्यानें लोकप्रिय केलेल्या प्रकारास लिनन कार्ड म्हणतात. नांव कापडाचें असलें तरी वस्तु कागदच. कापडाच्या विणीसारखी बारीक नक्षी त्यावर दाबून उठविलेली असे. त्या खरबरीत पृष्ठावर शाई लवकर वाळे, म्हणून रंग भडक आणि दाट देतां येत. कंपनीचे फिरते विक्रेते गांवोगांव हिंडत, मालकांकडून मागण्या घेत आणि कृष्णधवल छायाचित्रासोबत रंगांच्या सूचना शिकागोस पाठवीत: पडदे हिरवे, भिंत पिवळसर, छप्पर लाल. मग तेथले चित्रकार कामाला लागत. विजेचे खांब, लोंबत्या तारा, दारांतला कचरा, आड येणारी मोटार हें सारें पुसलें जाई. ढगाळ दिवसाचें निरभ्र आकाश होई. म्हणजे त्या खोलींत ज्यानें तो रंग भरला त्यानें ती खोली बहुधा पाहिलेलीहि नसे.

श्रोत्यांपैकीं कोणाच्या हातीं टाइकच्या छापखान्याचें कार्ड आलेंच तर त्यावरील बारीक क्रमांक अवश्य पाहावा. त्यांत आरंभीं एक आंकडा व एक रोमन अक्षर असतें. ए म्हणजे १९३० नंतरचीं दहा वर्षें, बी म्हणजे १९४० नंतरचीं, सी म्हणजे १९५० नंतरचीं. आंकडा त्या दशकांतलें वर्ष सांगतो. '५ए' असेल तर कार्ड १९३५ चें, '२बी' असेल तर १९४२ चें. चित्र खोटें बोलेल, परंतु छापखान्याचा कारकून खोटें बोलत नाहीं. हा कारखाना १९७८ मध्यें बंद झाला. त्याचा प्रचंड संग्रह आतां शिकागोच्याच न्यूबेरी ग्रंथालयांत आहे.

या कार्डांवर ज्या स्थळांनीं मानाचें पान मिळविलें त्यांत 'ऑटोमॅट' हें एक विलक्षण उपाहारगृह होतें. जोसेफ हॉर्न व फ्रँक हार्डार्ट या भागीदारांनीं जून १९०२ मध्यें फिलाडेल्फियांत तें प्रथम उघडलें आणि १९१२ मध्यें न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांत आणलें. यंत्रें मूळचीं जर्मनींतून आणलेलीं. भिंतभर लहान लहान कांचेचीं दारें. प्रत्येक दारामागें एक ताटली: कोठें भोपळ्याचा पाय, कोठें उसळीसारखे शिजविलेले घेवड्याचे दाणे, कोठें पालकाची दुधांतली भाजी, कोठें चीज घातलेली मॅकरोनी. फटींत पांच सेंटचें निकेलचें नाणें टाकावें, कळ फिरवावी, दार उघडून ताटली उचलावी. कॉफी डॉल्फिन माशाच्या मुखाच्या नळांतून पडे. सुट्या नाण्यांसाठीं एका चौकीवर बायका बसत. त्या न मोजतां, केवळ बोटांच्या अदमासानें वीस नाणीं बरोबर फेंकीत. वाढपी नाहीं, म्हणून बक्षिसी नाहीं. आणि किती वेळ बसलांत असें विचारणाराहि कोणी नाहीं. १९२९ नंतरच्या मंदींत ज्यांच्या खिशांत नाणें नसे ते फुकटच्या गरम पाण्यांत मेजावरचें टोमॅटोचें केचप कालवून त्याचें सूप करीत. व्यवस्थापक तिकडे काणाडोळा करीत असें सांगतात.

'ऑटोमॅट' या नांवानें मात्र फसूं नये. कांचेच्या भिंतीमागें माणसें होतीं. रिकामी झालेली खाचेची रांग फिरून आंत जाई, आणि पलीकडे उभ्या असलेल्या स्त्रिया ती पुन्हां भरीत. अन्न एका मध्यवर्ती पाकगृहांत शिजे आणि गाड्यांनीं शहरभर पोंचे. म्हणून कोणत्याहि शाखेंत गेलें तरी चव एकच. कार्डावर संगमरवरी मेजें आहेत, चकचकीत पितळ आहे. त्या भिंतीमागल्या हातांचें चित्र कोणी काढलें नाहीं.

कॉफीचा पेला १९५० पर्यंत पांच सेंटला मिळे. महागाई वाढली तेव्हां सहा किंवा सात सेंट करणें शक्य नव्हतें, कारण यंत्राला निकेलखेरीज दुसरें नाणें ठाऊक नव्हतें; एकदम दहा करावे लागले, आणि गिऱ्हाईक दुखावलें. पुढें उपनगरें वाढलीं, झटपट खाण्याचीं निराळीं दुकानें आलीं, आणि एप्रिल १९९१ मध्यें न्यूयॉर्कचें शेवटचें ऑटोमॅट बंद झालें. तेथील मॅकरोनी मात्र घरोघर राहिली. तिच्या घरगुती पाठांत एक खूण आहे, आणि ती ओळखीची म्हणून येथें सांगावयाची: त्यांत थोडा टोमॅटो व चिमूटभर साखर पडते.

शंभर ग्रॅम मॅकरोनी मिठाच्या पाण्यांत उकडून निथळावी. किंचित् कच्चीच असूं द्यावी. दीड मोठा चमचा लोणी पातळ करून त्यांत तितकाच मैदा मंद आंचेवर परतावा, रंग बदलूं देऊं नये. मग दीड वाटी कोमट दूध थोडें थोडें घालून ढवळीत राहावें, म्हणजे गुठळ्या होत नाहींत. दाट होतांच वाटीभर किसलेलें चीज, मीठ, लाल तिखटाची चिमूट, अर्धी वाटी सोललेल्या टोमॅटोचे तुकडे आणि अर्धा लहान चमचा साखर घालावी. टोमॅटो शेवटीं आणि विस्तवावरून उतरल्यावर घालावा. आधीं घातल्यास दूध फुटतें. मॅकरोनी मिसळून लोणी लावलेल्या भांड्यांत घालावी आणि २०० अंशांच्या भट्टींत वरचा थर तांबूस होईपर्यंत, म्हणजे सुमारें पंचवीस मिनिटें ठेवावी. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत झांकण ठेवून मंद आंच द्यावी. चव येईल, तांबूस पापुद्रा येणार नाहीं. आणि मुलांचें भांडण त्या पापुद्र्यासाठींच असतें!

आठवणींतले पदार्थ मूळचे जसेच्या तसे राहतात अशी एक समजूत आहे, ती वाल्डॉर्फ सॅलडच्या कथेनें दूर होते. न्यूयॉर्कचें वाल्डॉर्फ हॉटेल १८९३ मध्यें उघडलें. तेथील ऑस्कर चर्की हा मुख्य वाढपी. तो स्वयंपाकी नव्हता, परंतु पाहुण्यांची मर्जी ओळखण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८९६ मध्यें त्याच्या नांवानें पाककृतींचें एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत या सॅलडचे तीनच घटक आहेत: सफरचंद, सेलरीचे दांडे आणि मेयोनेझ. अक्रोड त्यांत नाहीं. तो मागाहून आला. पुढें कोणी द्राक्षें घातलीं, कोणी मनुका. आज अक्रोडावांचून तें सॅलड वाल्डॉर्फचें नव्हेच असें शपथेवर सांगणारे शेंकडों भेटतील, आणि प्रत्येकाची साक्ष त्याच्या आईची! मूळ हॉटेल १९२९ मध्यें पाडलें गेलें. त्या जागेवर एम्पायर स्टेट इमारत उभी राहिली, आणि त्याच नांवाचें नवें हॉटेल १९३१ मध्यें दुसऱ्या रस्त्यावर उघडलें. दालन गेलें, इमारत गेली, एक साधी कोशिंबीर तेवढी शिल्लक राहिली, तीहि बदलत बदलत.

ती करण्यास पांच मिनिटें पुरतात. आंबटगोड सफरचंदाच्या साल काढलेल्या बारीक फोडी आणि तितकेच सेलरीचे तुकडे घेऊन मेयोनेझमध्यें कालवाव्या व थंड कराव्या. ज्या घरीं अंडें चालत नाहीं तेथें घट्ट चक्का थोडें तेल, मीठ व मोहरीची पूड घालून घोटावा. ती मूळ चव नव्हे. पण मूळ चव तरी कोणीं टिकविली आहे? फोडी चिरल्यावर लगेच कालवाव्या, नाहींतर काळ्या पडतात.

आतां त्या रिकाम्या खोलीकडे पुन्हां वळलें पाहिजे. चित्रांत माणसें नसतात म्हणून पाहणारा आपणच तेथें जाऊन बसलों आहों अशी कल्पना करूं शकतो. त्या कार्डांची मोहिनी बरीचशी यांत आहे. परंतु प्रत्येकाला तेथें बसतां येत नव्हतें. ज्या काळांत शिकागोचे चित्रकार आकाश निळें करीत होते, त्याच काळांत, १९३६ मध्यें, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या गृहस्थानें एक लहानसें पुस्तक काढलें. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोठें जेवण मिळेल, कोठें रात्र काढतां येईल, कोठें केस कापून मिळतील, याची ती यादी होती. आणि हा ग्रीन होता कोण? टपालवाला. लोकांचीं पत्रें आणि कार्डें दारोदार पोंचविणें हाच त्याचा व्यवसाय. चित्रकार्ड सर्वांना 'या' म्हणत होतें. तें खरोखर कोणाला म्हणत होतें, हें या पुस्तकांत वाचावें लागे. त्याच्या आवृत्त्या १९६० नंतरहि कांहीं वर्षें निघत होत्या.

नॉर्थ कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो गांवच्या वुलवर्थ दुकानांत १ फेब्रुवारी १९६० रोजीं चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फराळाच्या बाकापाशीं बसले आणि त्यांनीं कॉफी मागितली. दुकानांतल्या इतर वस्तु त्यांना विकत मिळत. बसून कॉफी मात्र मिळत नसे. ते उठले नाहींत. दुसऱ्या दिवशीं आणखी आले, तिसऱ्या दिवशीं त्याहून अधिक. अखेर २५ जुलै १९६० रोजीं तेथें सर्वांना वाढण्याचें ठरलें, आणि त्या दिवशीं प्रथम जे बसले ते त्याच दुकानांतले कृष्णवर्णीय नोकर होते. म्हणजे तें अन्न करण्यास ज्यांचे हात चालत होते, त्यांना तें तेथें बसून खाण्यास इतकीं वर्षें लागलीं. देशभराचा कायदा २ जुलै १९६४ रोजीं झाला. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या संविधानाच्या १५ व्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें यांचा मुद्दाम नांवानिशीं उल्लेख आहे. तो कां करावा लागला हें पंगतीचा इतिहास जाणणाऱ्या मराठी घरांत समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयानें या दोन्ही वस्तु जपल्या आहेत: फिलाडेल्फियाच्या ऑटोमॅटची कांचेच्या दारांची भिंत आणि ग्रीन्सबरोचा तो बाक, त्याच्या चार खुर्च्यांसह. पितळेची नक्षी सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु जुन्या उपाहारगृहांची हौस असणाऱ्यानें एक पाहून दुसरें न पाहणें बरें नव्हे.

पाककृतींच्या टिपणांतहि हीच उणीव आहे. वर नांव हॉटेलचें, मालकाचें किंवा मुख्य वाढप्याचें; ज्या बाईनें तो पदार्थ रोज पहाटे चुलीवर ठेवला तिचें नांव क्वचितच. अॅबी फिशर या पूर्वाश्रमीच्या गुलाम स्त्रीचें दाक्षिणात्य स्वयंपाकाचें पुस्तक सॅन फ्रॅन्सिस्कोंत १८८१ मध्यें प्रसिद्ध झालें, तें तिनें तोंडानें सांगितलें आणि इतरांनीं लिहून घेतलें, कारण तिला लिहितां येत नव्हतें. असे योग थोडे.

एका पदार्थानें मात्र आपलें ऋण नांवांतच वागविलें आहे, तेंहि चुकीच्या नांवानें. बॉस्टनच्या बाजारांत डर्गिन-पार्क म्हणून फार जुनें भोजनालय होतें. लाल-पांढऱ्या चौकटींच्या कापडानें झांकलेलीं लांबच लांब मेजें, त्यांवर अनोळखी माणसें खांद्याला खांदा लावून बसत, आणि वाढणाऱ्या बायका फटकळपणाबद्दल प्रसिद्ध. तें जानेवारी २०१९ मध्यें बंद झालें. तेथलें 'इंडियन पुडिंग' नांवाजलेलें होतें. आपल्या देशाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रज वसाहतवाले मक्याच्या पिठास 'इंडियन' पीठ म्हणत, कारण मका त्यांना तेथील मूळ रहिवाशांकडून मिळाला, आणि त्या रहिवाशांना कोलंबसाच्या चुकीमुळें इंडियन म्हटलें जाई. आपल्या गव्हाची पेज करण्याची इंग्लंडांतली संवय त्यांनीं मक्यावर चालविली, वेस्ट इंडीजच्या उसाची मळी तींत घातली, आणि हा गोड पदार्थ जन्मास आला. अमीलिया सिमन्स हिच्या १७९६ च्या पाकपुस्तकांत, म्हणजे अमेरिकेंत छापलेल्या पहिल्या अमेरिकन पाकपुस्तकांत, तो आढळतो.

तो मराठी घरांत सहज होतो, कारण मळीच्या जागीं घालण्यास कोल्हापूरकडची काकवी आहे. मळी अधिक काळी व किंचित् कडवट. काकवीनें पुडिंग थोडें सौम्य होतें, आणि खरें सांगावयाचें तर अधिक रुचकर लागतें. एक लिटर दूध तापत ठेवून त्यांत अर्धी वाटी मक्याचें रवाळ पीठ भुरभुरवीत घालावें आणि सतत ढवळावें. पंधरावीस मिनिटांत तें पिठल्याइतकें दाट होईल. मग भांडें खालीं उतरवावें. वाफ थोडी निवल्यावरच अर्धी वाटी काकवी, दोन चमचे लोणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ व थोडी दालचिनी घालावी. उकळत्या दुधांत गूळ पडला कीं काय होतें हें गुळाची खीर करणाऱ्या गृहिणीस सांगावयास नको. मिश्रण लोणी लावलेल्या भांड्यांत ओतून १५० अंशांच्या मंद भट्टींत दोन तास ठेवावें. घाई करूं नये. डर्गिन-पार्कमध्यें तें याहूनहि अधिक वेळ भट्टींत असे. बाहेर काढतांना मध्यभाग हालतो, तो अर्ध्या तासांत बसतो. दिसावयास हें पुडिंग मुळींच देखणें नाहीं, चित्रकार्डावर तें घालण्याचें धैर्य कोणास झालें नसतें. गरम असतांनाच वाटींत घ्यावें आणि वर थंड सायीचा चमचा सोडून वाढावें.